लसीनंतरची पहिली रात्र: रडणं, ताप आणि दुखरी मांडी

प्रश्न राधानगरी तालुक्यातल्या एका आईचा आहे. बाळ दीड महिन्याचं, वजन साडेचार किलो. सकाळी अंगणवाडीत लसी झाल्या. दुपारनंतर बाळ थांबून थांबून जोरात रडतंय, अंग तापलंय, डाव्या मांडीला हात लावू देत नाही. घरात तापाच्या औषधाच्या दोन वेगवेगळ्या बाटल्या आहेत, कुठली किती द्यायची कळत नाही. सासूबाई म्हणतात, ‘लेकराचे हाल बघवत नाहीत, पुढची सुई नकोच.’ मोठा दवाखाना लांब आहे.

ताई, आधी दोन मिनिटं बाळाकडे नुसतं बघा. उचलून छातीशी धरल्यावर ते थोडा वेळ तरी शांत होतंय का? अंगावर घेतल्यावर ओढून पितंय का? ओठ आणि जीभ नेहमीसारखी गुलाबी आहे का? तिन्ही गोष्टी ठीक असतील तर आजची रात्र घरी निभावता येते. यातली एक जरी ठीक नसेल, तर खाली ‘कधी निघायचं’ तिथे जे लिहिलं आहे ते आधी वाचा.

कुठली सुई कुठे दिली

दीड महिन्याच्या भेटीत सरकारी वेळापत्रकाप्रमाणे तीन सुया असतात. डाव्या मांडीत पेंटाव्हॅलंट, उजव्या मांडीत पीसीव्ही म्हणजे न्यूमोकोकलची (न्यूमोनियाविरुद्धची) लस, आणि उजव्या दंडावर कातडीत ०.१ मिली पोलिओची. तोंडातून रोटाव्हायरसची लस आणि पोलिओचे दोन थेंब. जागा अशा ठरवून दिलेल्या असतात, त्यामुळे मांडीकडे बघूनच कळतं की त्रास कुठल्या लसीचा आहे. तुमच्या बाळाची डावी मांडी दुखते आहे, म्हणजे पेंटा.

पेंटामध्ये पाच रोगांची लस एकत्र असते: घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात, हिपॅटायटिस बी (कावीळ) आणि हिब (मेंदूज्वर, न्यूमोनिया करणारा जिवाणू). सरकारी पेंटामधला डांग्या खोकल्याचा भाग त्या जिवाणूच्या अख्ख्या, मारलेल्या पेशींचा असतो. ताप, चिडचिड आणि सूज मुख्यतः या भागामुळे येते. शरीर त्या पेशी ओळखतं, पांढऱ्या पेशी तिथे धावतात, तिथला भाग सुजतो आणि ताप चढवणारी रसायनं रक्तात उतरतात. शिवाय लसीचा असर टिकावा म्हणून तिच्यात ॲल्युमिनियमचा क्षार असतो, तो स्नायूत काही काळ राहतो. मांडी कडक लागते ती म्हणून.

सुई मांडीच्याच पुढच्या-बाहेरच्या बाजूला का, कमरेत का नाही, असं घरची मोठी माणसं विचारतात. इतक्या लहान बाळाच्या कुल्ल्यात चरबी जास्त असते, स्नायू कमी, आणि तिथूनच पायाची मोठी नस जाते. मांडीच्या बाहेरच्या बाजूचा स्नायू या वयात सगळ्यांत भरलेला असतो आणि तिथे मोठी नस किंवा रक्तवाहिनी नाही. दुखतं, पण धोका नाही.

त्रास किती वेळ चालतो

सकाळी दहा-अकराला सुई दिली तर दुपारपासून चिडचिड सुरू होते, संध्याकाळी अंग तापतं आणि पहिली रात्र सगळ्यांत जड जाते. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बहुतेक बाळं बरीच सावरतात. २ दिवसांत, म्हणजे ४८ तासांत, ताप पूर्ण जायला हवा. मांडीची सूज आणि दुखरेपणा २-३ दिवस राहू शकतो.

हा ४८ तासांचा हिशेब नीट लक्षात ठेवा, विशेषतः ३ महिन्यांच्या आतल्या बाळासाठी. एरवी या वयात १०० डिग्रीच्या वर ताप आला की डॉक्टरांना दाखवावंच लागतं, कारण जंतुसंसर्ग लपलेला असू शकतो. लसीच्याच दिवशी सुरू झालेला, बाळ पीत असतानाचा ताप घरी सांभाळता येतो, पण फोनवर एएनएम सिस्टरना (लस देणाऱ्या नर्सना) किंवा डॉक्टरांना कळवून. तिसऱ्या दिवशीही ताप असेल, किंवा लसीच्या आधीच अंग कढत असेल, तर लसीवर ढकलू नका, दाखवून या.

ताप हात लावून ठरत नाही. आईचा हात गार असला की बाळ कढत लागतं. साधा डिजिटल थर्मामीटर घ्या, काखेतला घाम कोरड्या कापडाने टिपा, टोक काखेच्या मधोमध बसवा, बाळाचा हात त्याच्या अंगाला लावून धरा आणि बीप वाजेपर्यंत हलू देऊ नका. बाळ झबल्यात आणि दुपट्यात गुंडाळलेलं असेल तर आधी १५ मिनिटं मोकळं ठेवा, नाहीतर गुंडाळण्याची ऊब मोजली जाते. आकडा आणि वेळ कार्डाच्या मागे पेनने लिहा. रात्री तीन वाजता ‘मघाशी किती होता’ हे कुणालाच आठवत नाही.

औषध: दोन बाटल्यांचा घोळ

सगळ्यांत जास्त चूक इथे होते, म्हणून जरा सविस्तर. औषध पॅरासिटामॉल. लहान बाळांसाठी ते तीन ताकदींत मिळतं आणि लेबलं लांबून सारखीच दिसतात.

ड्रॉप्सची छोटी बाटली, सोबत खुणा असलेला ड्रॉपर. यात १ मिलीमध्ये १०० मिलिग्रॅम.
सिरप, ५ मिलीमध्ये १२० किंवा १२५ मिलिग्रॅम. म्हणजे १ मिलीमध्ये साधारण २४-२५.
दुप्पट ताकदीचं सिरप, ५ मिलीमध्ये २५० मिलिग्रॅम. म्हणजे १ मिलीमध्ये ५०.

एका वेळेचा डोस वजनावर ठरतो: दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम. तुमचं बाळ साडेचार किलोचं आहे, तेव्हा ६० मिलिग्रॅम बरोबर बसतात. ड्रॉप्समधून ते ०.६ मिली. साध्या सिरपमधून २.५ मिली. दुप्पट ताकदीच्या सिरपमधून १.२ मिली.

आता चूक कशी होते ते बघा. शेजारणीने सांगितलं, ‘आमच्या बाळाला अडीच मिली दिलं होतं.’ तिच्याकडे सिरप होतं. तुमच्या हातात ड्रॉप्स आहेत. ड्रॉप्समधून अडीच मिली दिलं तर २५० मिलिग्रॅम पोटात जातं, चौपटीहून जास्त. पॅरासिटामॉलचा अतिडोस यकृताला मारक असतो. उलट ड्रॉप्सचा ०.६ मिलीचा हिशेब सिरपला लावला तर जेमतेम १४-१५ मिलिग्रॅम जातं, ताप हलत नाही, आणि मग ‘औषध लागू पडत नाही’ म्हणून पुन्हा पुन्हा दिलं जातं. म्हणून बाटली उजेडात धरा आणि लेबलवर ‘प्रत्येक मिलीमध्ये’ लिहिलंय की ‘प्रत्येक ५ मिलीमध्ये’ ते वाचा. बारीक अक्षर दिसत नसेल तर मोबाईलने फोटो काढून मोठा करा. तोच फोटो सिस्टरना पाठवा. इतक्या लहान बाळाला पहिला डोस देण्याआधी त्यांना विचारून घेणं केव्हाही चांगलं. लसीकरणाच्या ठिकाणी त्यांनी औषध दिलं असेल तर तेच वापरा, दुसरी बाटली कपाटात ठेवा.

थेंब मोजून देऊ नका. ड्रॉपर बदलला की थेंबाचा आकार बदलतो. खुणेपर्यंत भरा, डोळ्याच्या रेषेत धरून बघा, आत हवेचा बुडबुडा असेल तर टिचकी मारून वर आणा आणि पुन्हा भरा. सिरप असेल तर बाटली आधी नीट हलवा, औषध तळाशी बसतं. सुई काढलेल्या सिरिंजने मोजा, घरातला चमचा नको, कुठल्याच दोन घरांतले चमचे सारखे नसतात. बाळाला थोडं उभट धरून औषध गालाच्या आतल्या बाजूला, थोडं थोडं सोडा. जिभेच्या मागे सोडलं तर ठसका लागतो.

एक डोस दिल्यावर पुढचा किमान ६ तासांनी, आणि २४ तासांत चारपेक्षा जास्त नाही. औषधाचा असर अर्ध्या ते एका तासात दिसतो. ताप पूर्ण उतरेलच असं नाही. एक-दीड डिग्रीने खाली आला, बाळ प्यायलं आणि झोपलं तर औषधाने काम केलं असं समजा. झोपलेल्या बाळाला फक्त औषधासाठी उठवायची गरज नाही.

‘लस देण्याआधीच औषध पाजून न्यावं का’ हा प्रश्नही नेहमी येतो. नको. चेक प्रजासत्ताकात झालेला आणि २००९ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यात लसीबरोबर सरसकट पॅरासिटामॉल दिलेल्या बाळांत ताप कमी आला, पण काही लसींची प्रतिपिंडं, म्हणजे रोगाशी लढणारी प्रथिनंही कमी तयार झाली. त्रास सुरू झाल्यावर दिलं तर चालतं.

घरात दुसरी औषधं पडलेली असतात, त्यांच्याबद्दल. आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक ॲसिड ६ महिन्यांच्या आतल्या बाळाला नाही. पॅरासिटामॉलबरोबर मेफेनॅमिक ॲसिड मिसळलेली सिरपं गावात सर्रास मिळतात, तेव्हा घटक वाचा. निमेसुलाइड १२ वर्षांखालच्या मुलांना द्यायला आपल्या देशात २०११ पासून बंदी आहे. ॲस्पिरिन कधीच नाही. सर्दीची मिश्र औषधंही नकोत, त्यांतही पॅरासिटामॉल असतं आणि डोस नकळत दुप्पट होतो.

मांडी दुखत असताना बाळाला कसं धरायचं

बाळ पाळण्यात गप्प असतं आणि लंगोट बदलायला घेतला की किंकाळी फोडतं, असं होतंय का? मग कारण साधं आहे. आपण दोन्ही घोटे एका हातात धरून पाय वर उचलतो, त्यात मांडीचा सुजलेला स्नायू ताणला जातो. तीन दिवस पाय उचलू नका. बाळाला अलगद कुशीवर वळवा, लंगोट खाली सरकवा, परत पाठीवर आणा, दुसऱ्या कुशीवर वळवून ओढून घ्या. घट्ट नाडीचा लंगोट, घट्ट पायजमा, मोजे नकोत. सैल झबलं आणि खाली मऊ कापड पुरे.

पाजताना नेहमीसारखं मांडीवर आडवं घेतलं की बाळाची एक मांडी तुमच्या पोटाशी दाबली जाते. पदराखाली बाळ दोन घोट पिऊन सोडतं आणि रडतं, आणि घरात म्हणतात ‘दूध आवडेना झालंय’. त्याऐवजी बाळाला तुमच्या काखेखालून घ्या: डोकं तुमच्या तळहातावर, पाय तुमच्या पाठीकडे मोकळे. नाहीतर दोघंही कुशीवर झोपून पाजा, पण तुम्हाला डोळा लागला तर बाळाच्या तोंडावर पदर किंवा उशी येऊ नये म्हणून शेजारी कुणीतरी जागं असू द्या. आज रात्री घड्याळ बघून पाजू नका. मागेल तेव्हा, थोडं थोडं, दर दीड-दोन तासांनी. स्तनपानाने वेदनाही कमी होते: चोखणं, आईच्या अंगाची ऊब आणि दुधाची गोडी या तिन्हींचा परिणाम होतो. वरचं पाणी, साखरेचं पाणी काहीही नको. तापातही सहा महिन्यांपर्यंत अंगावरचं दूध पुरतं.

रडायला लागलं की बाळाला फक्त लंगोटावर ठेवून आईच्या किंवा वडिलांच्या उघड्या छातीवर उभं घ्या, वर एक पातळ दुपटं. हात मांडीखाली नाही, कुल्ल्याखाली. सावकाश डोलत खोलीत फिरा, कानाशी ‘शूऽऽ’ असा एकसुरी आवाज करा. दिवा मंद ठेवा आणि खोलीत एका वेळी एकच माणूस असू दे. चार जणांनी चार हातांत घेतलं की बाळ आणखी बिथरतं. आणि एक फार महत्त्वाचं: रडणं असह्य झालं, हात थरथरायला लागले, तर बाळाला गादीवर पाठीवर ठेवून पाच मिनिटं बाहेर जा किंवा दुसऱ्याच्या हाती द्या. राग आला तरी बाळाला कधीही गदागदा हलवू नका, मेंदूला इजा होते.

आजची रात्र झोळीत झोपवू नका. झोळीत पाय पोटाशी दुमडले जातात, मांडी दुखते, ऊब साठते आणि बाळाचा चेहरा आपल्याला दिसत नाही. लसीनंतरच्या पहिल्या रात्री चेहरा दिसायलाच हवा.

सुईच्या जागी स्वच्छ सुती कापड साध्या, माठातल्या पाण्यात भिजवून, पिळून ५ ते १० मिनिटं ठेवा. दिवसातून तीन-चार वेळा चालेल. बर्फ थेट नको. गरम शेक तर पहिल्या दोन दिवसांत अजिबात नको, सूज वाढते आणि बाळाची कातडी भाजते. चोळू नका.

रडण्याचं कारण प्रत्येक वेळी लसच असेल असं धरून चालू नका. बाळाचे सगळे कपडे काढून हातापायाची बोटं एकेक बघा. झबल्याचा किंवा दुपट्याचा सुटलेला दोरा, आईचा गळलेला केस बोटाभोवती गुंडाळून आवळला जातो आणि बोट लाल-निळं होतं. कमरेचा काळा दोरा, मनगट्या रुतल्यात का पाहा. नाक चोंदलं असेल तर बाळ पिऊ शकत नाही आणि भुकेने रडतं.

घरचे उपाय, आणि त्यातले कुठले थांबवायचे

सासूबाई जे करू पाहतात ते मायेपोटीच असतं, त्यामुळे त्यांना नुसतं ‘नको’ म्हणण्यापेक्षा का नको ते सांगा.

कुंची, स्वेटर, दोन दुपटी, वर शेगडी: तापात याने ताप वाढतो. पावसाळ्यात राधानगरी-गगनबावड्याकडे हवा बोचरी असते हे खरं, पण दीड महिन्याचं बाळ आतली उष्णता बाहेर टाकू शकलं नाही तर तेवढ्यानेच १०१ चं १०३ होतं. तुम्हाला अंगावर जेवढं लागतं त्यापेक्षा एक पातळ थर जास्त, बस्स. ओवा-वावडिंगाची धुरी बाळाच्या श्वासाला त्रास देते.

न्हाऊ घालणाऱ्या मावशींना आज-उद्या तेल लावून पाय ओढायला आणि घड्या घालायला सांगू नका. कोमट पाण्याने पुसून घेतलं तरी चालतं. अंघोळ घातली तरी लसीला काही होत नाही, मांडीला जोर लावायचा नाही एवढंच.

कपाळावर पट्ट्या ठेवायच्या तर साध्या पाण्याच्या. मीठ घालून काही फरक पडत नाही. गार पाण्याने बाळ कुडकुडलं तर ताप उलट वाढतो, म्हणून कुडकुडलं की थांबा. पट्ट्या औषधाला जोड म्हणून, औषधाऐवजी नाही.

सुईच्या जागी हळद, चुना, बिब्बा, तूप, टूथपेस्ट यातलं काही लावू नका. सुईचं भोक अजून पूर्ण मिटलेलं नसतं, तिथून जंतू आत जातात आणि मग खरोखरचं गळू होतं.

मध एक वर्षाच्या आत नाही, त्यातून बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. आणि जायफळ उगाळून चाटवणं आज रात्री कटाक्षाने टाळा. लसीनंतर क्वचित एखादं बाळ फिकट आणि मलूल पडतं, ते लगेच ओळखता यायला हवं. जायफळाने गुंगलेलं बाळ आणि मलूल पडलेलं बाळ यांतला फरक घरात कुणालाच करता येत नाही, दवाखान्यातही अवघड जातो.

दृष्ट काढायची असेल तर काढा, सासूबाईंच्या मनाला तेवढंच बरं वाटेल. मिरच्या-मोहरीचा धूर मात्र बाळाच्या खोलीत नको, आणि खालच्या खुणांपैकी काही दिसत असेल तर दृष्ट काढण्यात दहा मिनिटंही घालवू नका.

कधी निघायचं

घड्याळ लावा. उचलून, पाजून, औषध देऊनही बाळ सलग ३ तास किंवा जास्त, चिरक्या आवाजात, कशानेच न थांबता रडत असेल तर डॉक्टरांना दाखवा. हे रडणं बहुतेक वेळा आपोआप थांबतं आणि मागे काही ठेवत नाही, पण दुसरं कारण नाही ना याची खात्री तपासूनच होते. मधे अर्धा तास झोपून पुन्हा रडणं यात मोडत नाही.

बाळ एकाएकी फिकट किंवा निळसर पडलं, अंग चिंधीसारखं सैल झालं, हाक मारल्यावर, तळव्याला टिचकी मारल्यावर दाद देत नाही. असं लसीनंतर दोन दिवसांच्या आत होऊ शकतं. झटका आला, म्हणजे डोळे फिरवून हातपाय ताठ झाले किंवा उडू लागले. श्वास घ्यायला कष्ट पडताहेत, छातीखाली खड्डा पडतोय. अंगभर गांध्या, ओठ-डोळे सुजले. अशा वेळी लगेच १०८. झटक्यात बाळाला कुशीवर वळवा, तोंडात चमचा, पाणी, कांदा काही घालू नका, वेळ बघा.

ताप १०२ च्या वर गेला, दोन वेळा पिणं टाळलं, आठ तास लंगोट कोरडा राहिला, तर रात्र असली तरी दाखवा. मांडीची सूज तीन दिवसांनंतर कमी व्हायच्या ऐवजी वाढतेय, लाल, कढत, मधे मऊ लागतेय, तर गळू असू शकतं. पिळू नका, प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

एक वेगळी खूण रोटाव्हायरसच्या लसीशी जोडलेली आहे. फार विरळ आहे, पण माहीत असलेली बरी. लसीनंतरच्या पहिल्या आठवड्यात बाळ मधेच पाय पोटाशी घेऊन कळवळतं, काही मिनिटांनी गळून शांत पडतं, पुन्हा तेच; हिरवट उलटी होते, शीमध्ये लालसर आव दिसते. आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरला की असं होतं. त्याला घरगुती उपाय नाही, शस्त्रक्रियेची सोय असलेलं रुग्णालयच लागतं.

तुमचं गाव लांब आहे म्हणून सांगतो: संध्याकाळीच ठरवून ठेवा की रात्री निघायचं झालं तर गाडी कुणाची आणि जायचं कुठे. ग्रामीण रुग्णालय जवळ असेल तर आधी तिथे. पुढे पाठवलं तर कोल्हापुरात सीपीआर या सरकारी रुग्णालयाला, इचलकरंजीकडच्या गावांना तिथल्या आयजीएम रुग्णालयाला. लसीचं कार्ड, औषधाची बाटली आणि तापाची नोंद पिशवीत भरून ठेवा. डॉक्टर पहिला प्रश्न ‘कुठली लस, किती वाजता’ असाच विचारतात. झालेला त्रास दुसऱ्या दिवशी आशाताईंना किंवा सिस्टरना आवर्जून सांगा, त्याची नोंद होते आणि पुढच्या डोसच्या वेळी उपयोगी पडते.

‘पुढची सुई नको’ याबद्दल

सासूबाईंची काळजी समजण्यासारखी आहे. पण एक डोस देऊन थांबणं म्हणजे त्रास भोगून फायदा अर्धवट सोडणं. डांग्या खोकला सगळ्यांत धोक्याचा असतो तो पहिल्या काही महिन्यांतच. मोठं मूल खोकून खोकून लाल होतं. दीड-दोन महिन्यांचं बाळ कधी कधी खोकतही नाही, त्याचा श्वासच थांबतो. एका पेंटाने पुरेसं संरक्षण मिळत नाही, तीन लागतात: दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना.

त्यांना हेही सांगा की अडीच महिन्यांच्या भेटीत एकच सुई आहे, डाव्या मांडीत. बाकी सगळं तोंडातून. पीसीव्ही आणि दंडावरची पोलिओची सुई साडेतीन महिन्यांना पुन्हा येतात.

रात्रभर रडणं, १०१-१०२ ताप, मांडीची सूज, या कुठल्याही कारणाने पुढचा डोस टळत नाही. सर्दी-खोकला किंवा किरकोळ जुलाब असले तरी देता येतो. झटका आला असेल, बाळ मलूल पडलं असेल, तीन तासांचं न थांबणारं रडणं झालं असेल, तर पुढे कुठली लस द्यायची ते डॉक्टर ठरवतील. सुईनंतर लगेच तीव्र ॲलर्जी झाली असेल तर तीच लस पुन्हा देत नाहीत. काही कारणाने उशीर झाला तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. राहिलेला डोस द्यायचा, दोन पेंटांमध्ये किमान ४ आठवडे हवेत. ऊसतोडीला आलेल्या कुटुंबांनाही हेच लागू आहे: बीडला पहिला डोस झाला असेल तर दुसरा इथे फडाजवळच्या केंद्रात मिळतो, कार्ड तेवढं सोबत हवं.

खासगीत मिळणाऱ्या ‘न दुखणाऱ्या’ लसीबद्दलही विचारणा होते. तिच्यात डांग्या खोकल्याच्या अख्ख्या पेशींऐवजी निवडक प्रथिनं असतात. ताप आणि सूज कमी येते हे खरं, सुई मात्र टोचतेच. अख्ख्या पेशींच्या लसीचं संरक्षण मात्र जास्त टिकतं. तुमच्या बाळाला आज जे झालंय त्यावरून लस बदलायची गरज मला दिसत नाही.

पुढच्या लसींचं थोडक्यात

मांडीत सूज गेल्यावर कधी कधी वाटाण्याएवढी कडक, न दुखणारी गाठ राहते. ती काही आठवड्यांनी विरते, काही करू नका. जन्मवेळच्या बीसीजीची (क्षयरोगाच्या लसीची) डाव्या दंडावरची पुळी याच सुमारास फुगते, फुटते, खपली धरते आणि छोटा व्रण ठेवून जाते. ती बिघडलेली नाही. मलम, पावडर नको.

नऊ महिने पूर्ण झाल्यावरच्या गोवर-रुबेलाच्या लसीचा ताप त्या रात्री येत नाही, साधारण आठवड्याने ते बारा दिवसांनी येतो, कधी अंगावर बारीक पुरळ घेऊन. तोपर्यंत लस विसरलेली असते आणि घरात ‘गोवर आला’ म्हणून धावपळ होते. दीड वर्षाच्या सुमाराच्या डीपीटी बूस्टरला (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांच्या वाढीव डोसाला) मांडी जास्त सुजते. चालणारं मूल एक-दोन दिवस लंगडतं किंवा पाय टेकवत नाही. त्या वेळी मालिश न करता पॅरासिटामॉल आणि गार पट्टी एवढंच.

अडीच महिन्यांच्या भेटीला जाताना बाळाला पुढून उघडणारं झबलं आणि सैल लंगोट घाला. तुमचं जेवण करून निघा. सिस्टरना सांगा की तोंडातली लस आधी द्या आणि सुई बाळ अंगावर पीत असताना द्या. सुईच्या आधी पाजायला सुरुवात करा, सुई चालू असताना सोडवू नका, नंतरही पाच मिनिटं पाजत राहा. आडवं झोपवून चौघांनी दाबून धरण्यापेक्षा मांडीवर मिठीत धरलेलं बाळ कमी रडतं. सुईच्या जागी कोरडा कापूस नुसता टेकवा. मग ३० मिनिटं तिथेच बसा. तीव्र ॲलर्जी आली तर बहुधा याच वेळात येते आणि तिथे इंजेक्शन हाताशी असतं. घरी मोटारसायकलवर मधे दाबून बसवून नेण्यापेक्षा रिक्षा किंवा एसटी बरी. निघण्याआधी सिस्टरना चार गोष्टी विचारून घ्या: आज कुठली लस दिली, काय त्रास होऊ शकतो आणि काय करायचं, पुढची तारीख कुठली, कार्डावर नोंद झाली का. आणि बाळाचं त्या दिवशीचं वजन कार्डावर लिहून घ्या. अडीच महिन्यांना ते साडेचार किलो नसेल, औषधाचा डोस पुन्हा नव्याने मोजावा लागेल.